बंद टेम्पोतून मोटारसायकल नेताना

(पंचायत समितीच्या सभागृहात अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. या व्यासपीठावरून पाणलोट, लसीकरण, पीकविमा, शाळांची पटनोंदणी अशा विषयांची चर्चा होत असते. त्यामानाने घर बदलताना मोटारसायकल टेम्पोत कशी बांधावी हा विषय किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या कामाला आपण किरकोळ समजतो, त्या कामाची पूर्वतयारी आपण करीत नाही, आणि म्हणूनच त्यात हातपाय मोडतात. यास्तव हा विषय मी हेतुपुरस्सर निवडला आहे.

शासकीय सेवकाच्या आयुष्यात बदली अटळ आहे. बदल्यांचे विनियमन करणाऱ्या २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार साधारण पदावधी तीन वर्षांचा मानला जातो आणि सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात हजारो कुटुंबे आपले बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जातात. शिक्षकांच्या सुट्ट्याही याच काळात असतात. टेम्पोंना मागणी असते, चालक घाईत असतात, नव्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख डोक्यावर असते. अशा गडबडीत मोटारसायकल चढवण्याची पाळी बहुधा सर्वांत शेवटी येते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. दोन ट्रंका, एक वळकटी, भांड्यांचे पोते आणि फार तर एक सायकल एवढाच कारकुनाचा वा मास्तरांचा संसार असे. सायकल एस.टी.च्या टपावर जात असे. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकची लूना आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली, आणि पुढे दुचाकी ही घराघरातील गरज झाली. ग्रामसेवक, आरोग्यसेविका, शिक्षक, विस्तार अधिकारी यांचे दिवसाचे कामच आज दुचाकीवर चालते. साहजिकच बदलीच्या सामानात ती आलीच. मात्र ती नेण्याची आपली पद्धत अजून ट्रंका आणि वळकटीच्या काळातलीच राहिली आहे. जागा मिळेल तेथे ठेवावी, सुतळीने एक-दोन वेढे द्यावेत आणि "धरून बस रे बाबा" म्हणून एखाद्या मुलाला आत बसवावे, ही ती पद्धत होय.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. यंत्रशास्त्राचा अधिकारी नाही. परंतु माहिती खात्याच्या नोकरीत अनेक जिल्हे फिरलो, बरेच टेम्पो भरताना व उतरवताना पाहिले, आणि चालक व गॅरेजचे कारागीर यांच्याकडून जे शिकलो, तेच आज आपल्यासमोर मांडणार आहे.

स्टँडवर विसंबू नये

मोटारसायकल टेम्पोत चढली की सर्वप्रथम आपण ती स्टँडवर लावतो. जमिनीवर जी गोष्ट योग्य, ती चालत्या वाहनात मात्र घातक ठरते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

स्टँडवरून गाडी काढताना आपण काय करतो, ते आठवावे. मेन स्टँडवरची गाडी आपण पुढे ढकलतो आणि ती स्टँडवरून उतरते. साइड स्टँडही गाडी पुढे सरकली की मागच्या बाजूस मिटतो. दोन्ही स्टँडांची रचनाच अशी आहे, की गाडी पुढे ढकलली असता ते सुटावेत. आता टेम्पोचा चालक ब्रेक दाबतो तेव्हा काय होते? टेम्पो थांबू लागतो, पण आतील वस्तू जडत्वामुळे पुढे जाऊ पाहतात. म्हणजे तोंड पुढे करून ठेवलेल्या मोटारसायकलला ब्रेक हा नेमका त्याच दिशेने ढकलतो, ज्या दिशेने ढकलले असता स्टँड सुटतो. शाळेत आपण मुलांना न्यूटनचा पहिला नियम शिकवतो, तो येथे प्रत्यक्ष कामाला येतो.

हा जोर किती असतो, याचीही कल्पना असावी. मालाच्या बांधणीविषयीच्या युरोपीय व अमेरिकी नियमांत असे गृहीत धरले आहे, की बांधणीने पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना ०.५ पट जोर सहन केला पाहिजे. शंभर सीसीची साधी मोटारसायकल सुमारे ११० किलोची असते. तिच्यासाठी हा हिशेब पुढच्या दिशेने ८८ किलो आणि बाजूला ५५ किलो येतो. बुलेटसारखी सुमारे १९० किलोची गाडी असेल तर तोच आकडा पुढे १५२ किलो व बाजूला ९५ किलो होतो. एवढा भार एका क्षणात, पूर्वसूचना न देता येतो. सुतळीचे वेढे आणि माणसाचे हात यांच्यापुढे टिकणार नाहीत, हे सांगावयास नको.

आत माणूस बसवू नये

आजच्या व्याख्यानातून आपण एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ती ही ठेवावी: मोटारसायकल धरण्यासाठी टेम्पोच्या हौद्यात कोणालाही बसवू नये.

बहुतेक वेळा आत बसतो तो घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा हमालांपैकी सर्वांत लहान पोर. उघड्या टेम्पोत तो निदान चालकाला हाक तरी मारू शकतो. बंद बॉडीच्या टेम्पोत दार बाहेरून लावलेले असते; आत अंधार असतो; आतला आवाज इंजिनाच्या आवाजात चालकापर्यंत पोहोचत नाही. अशा स्थितीत कुंभार्ली किंवा आंबा घाटातील एखाद्या वळणावर गाडी कलली, तर ती ज्याच्या अंगावर येते त्याला मागे सरकावयास जागाही नसते. एका बाजूस लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूस ११० किलोची गाडी, आणि मधे तो मुलगा.

दुसरा धोका पेट्रोलच्या वाफेचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती वर निघून जात नाही, तर हौद्याच्या तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का झाले तरी ठिणगीने पेट घेण्याइतके ते पुरेसे असते. गाडी आडवी पडली की टाकीच्या झाकणातून थेंब थेंब पेट्रोल गळू लागते. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याची बंद पेटी किती तापते, हे आपण जाणतोच. एका बदलीच्या वेळी माझ्या एका सहकाऱ्याची गाडी अशीच वाटेत आडवी झाली होती. टेम्पो उघडला तेव्हा गाद्या पेट्रोलने भिजलेल्या होत्या आणि एक हमाल विडी पेटवून सामान उतरवण्यास पुढे येत होता. चालकाने त्याला वेळीच मागे ओढले, म्हणून त्या दिवशीची गोष्ट गाद्या वाळवण्यावर निभावली.

बांधणी नीट असेल तर माणूस आत बसवण्याची गरजच राहत नाही. गरज वाटत असेल, तर बांधणी कच्ची आहे असे समजून ती पुन्हा करावी.

टेम्पो ठरवताना

भाड्याचा टेम्पो ठरवताना आपण भाडे विचारतो, हमाली विचारतो. पण टेम्पो आतून पाहत नाही. मोटारसायकल न्यावयाची असेल तर तो आतून पाहणे आवश्यक आहे. साध्या मोटारसायकलची लांबी सुमारे दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट असते. लोक ज्याला "छोटा हत्ती" म्हणतात त्या टाटा एसच्या हौद्याची लांबी सुमारे सात फूट आहे. तेव्हा गाडी मावते, पण मग इतर सामानासाठी फारसे उरत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे आत बांधावयास काय आहे, हे पाहावे. उघड्या टेम्पोच्या फाळक्यांना व कडांना दोरी अडकवण्याचे आकडे असतात. पण बंद बॉडीच्या गाड्यांत पुष्कळदा आतून गुळगुळीत पत्रा किंवा प्लायवूड असते आणि आकडा एकही नसतो. तळाशी किंवा भिंतींच्या खालच्या भागात, पुढे दोन आणि मागे दोन, अशा चार भक्कम कड्या असल्याशिवाय तो टेम्पो मोटारसायकलसाठी ठरवू नये. कडी पत्र्याला नव्हे, तर खालच्या चौकटीला जोडलेली आहे ना, हे हाताने ओढून पाहावे. टेम्पोला पिवळी पाटी, म्हणजे व्यावसायिक वाहतुकीचा परवाना आहे याचीही खात्री करावी.

अमेरिकेत घर बदलणारी कुटुंबे स्वतःच्या मोटारीमागे भाड्याची बंद पेटीगाडी, म्हणजे ट्रेलर, जोडून आपले सामान स्वतःच नेतात. यू-हॉल ही अशी वाहने भाड्याने देणारी कंपनी तेथे १९४५ पासून आहे. त्या ट्रेलरमध्ये बांधण्यासाठी आत कड्या बसवलेल्या असतात. तेथे आणखी एक पथ्य पाळावे लागते. एकूण सामानाचे सुमारे ६० टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात ठेवावे लागते, अन्यथा ट्रेलर मोटारीमागे डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. आपल्याकडील टेम्पोला ते पथ्य तसेच्या तसे लागू नाही. पण जड वस्तू पुढे, केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवावी, हा नियम दोन्हीकडे सारखाच हितकर आहे.

निघण्यापूर्वीची तयारी

तयारीची सुरुवात पेट्रोलपासून करावी. बदलीचा दिवस ठरला, की शेवटच्या आठवड्यात टाकी भरू नये. वापरता वापरता पेट्रोल तळाशी आणावे, म्हणजे ते काढण्याचा खटाटोप उरत नाही. जुन्या गाड्यांना पेट्रोलचा कॉक असतो, तो बंद करावा. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहा मानकाच्या गाड्यांत बहुधा इंधन पंप असतो आणि हाताने फिरवावयाचा कॉक नसतो. त्यांतील पेट्रोल काढावयाचे असल्यास कारागिराकडूनच काढून घ्यावे. काढलेले पेट्रोल बाटलीत भरून त्याच टेम्पोत ठेवणे म्हणजे एक धोका टाळून दुसरा पत्करणे होय. गाडी रेल्वेच्या पार्सलने पाठवावयाची असेल, तर टाकी पूर्ण रिकामी असणे बंधनकारकच आहे.

गाडी चढवण्यापूर्वी इंजिन व सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या सायलेन्सरला गादी टेकली तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आरसे काढून कापडात गुंडाळावेत. डिकीतील कागदपत्रे, टूलकिट, रेनकोट बाहेर काढावेत. लांबचा प्रवास असेल तर बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ठेवावी. चाकांत नेहमीइतकी हवा असावी. नरम चाकावर केलेली बांधणी लवकर सैल होते. शेवटी मोबाइलवर गाडीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि नोंदणीपत्र स्वतःजवळ ठेवावे.

चढवणे आणि उतरवणे

गाडी उचलून चढवू नये आणि इंजिन सुरू करून फळीवरून चालवत तर मुळीच नेऊ नये. टेम्पोचा हौदा जमिनीपासून तीन फूट उंच असेल, तर निदान नऊ फूट लांबीची जाड फळी घ्यावी. फळीचे वरचे टोक हौद्याला बांधून टाकावे, कारण चाक वर चढत असताना फळी मागे सरकते आणि अपघात होतो. गावात एक सोपा उपाय उपलब्ध असतो. शाळेचा ओटा, ग्रामपंचायतीची पायरी किंवा रस्त्याकडेचा बांध यांना लागून टेम्पो मागे घेतला, तर निम्मी चढण आपोआप कमी होते.

या कामाला तीन माणसे लागतात. एकाने डाव्या बाजूस राहून हँडल आणि पुढचा ब्रेक सांभाळावा. दोघांनी मागून, दोन बाजूंनी ढकलावे. गाडीच्या सरळ मागे कोणी उभे राहू नये. उतरवताना हीच दक्षता दुप्पट घ्यावी. चढवताना सर्वजण सावध असतात. उतरवताना मात्र दमलेले असतात आणि गाडी स्वतःच्या वजनाने खाली धावते.

चार पट्ट्यांची बांधणी

आता मुख्य कामाकडे वळू. मोटारसायकल आपल्या दोन चाकांवर सरळ उभी करावी. दोन्ही स्टँड वर घ्यावेत. पुढचे चाक केबिनच्या भिंतीला टेकवावे आणि मधे जुना टायर किंवा पोत्याची घडी द्यावी. चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकलेली जाड फळी असेल तर उत्तम; चाक त्या खाचेत बसते आणि डावी-उजवीकडे वळत नाही. हँडल सरळ असावे. अनेकजण चोरीच्या भयाने हँडल लॉक करतात. पण लॉक केलेले हँडल एका बाजूस वळलेले राहते आणि दोन्ही बाजूंची ओढ सारखी होत नाही. तेव्हा लॉक करू नये, किल्ली खिशात ठेवावी. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी. स्कूटरला गिअर नसेल तर ब्रेकची मूठ दाबून रबराने बांधून ठेवावी.

बांधण्यासाठी पॉलिस्टरचे रॅचेट पट्टे सर्वांत चांगले. पट्ट्यावर त्याच्या भारक्षमतेचे लेबल असते, ते पाहून घ्यावे. पट्टे न मिळाल्यास जाड, नवी दोरी वापरावी. काथ्याची दोरी ताणली जाते. नायलॉनची दोरी मजबूत असली तरी ओली झाली की अधिक ताणते. सायकलची ट्यूब पुष्कळजण वापरतात; ती आवळण म्हणून ठीक आहे, पण बांधणी म्हणून नाही. जे रबर हाताने ताणले जाते, ते ब्रेकच्या झटक्यानेही ताणले जाणारच.

पहिले दोन पट्टे पुढे लावावेत. हँडलच्या खाली फोर्कच्या दोन्ही नळ्यांना जोडणारा जो जाड धातूचा भाग असतो, तेथे एकेका बाजूस एकेक पट्टा अडकवावा. तेथून ते पुढे व बाहेरच्या दिशेने, साधारण ४५ अंशांच्या कोनात खालच्या कड्यांना न्यावेत. या कोनाला अर्थ आहे. पट्टा फार उभा असेल तर तो गाडी खाली दाबतो, पण डुलणे थांबवीत नाही. फार आडवा असेल तर डुलणे थांबवतो, पण गाडी तळाशी दाबून ठेवीत नाही. ४५ अंशांत दोन्ही कामे होतात.

पट्टे आवळताना एक बाजू पुरी आवळून मग दुसरी आवळू नये. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, असे आळीपाळीने ओढावे, म्हणजे गाडी सरळ राहते. पुढचे शॉक ॲबसॉर्बर, ज्यांना गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात, ते निम्म्याच्या आसपास दबेपर्यंत ओढावे. हे दाबणे हाच बांधणीचा गाभा आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यात गाडी क्षणभर खाली दबते, तेव्हा पट्टा सैल पडतो आणि त्याचा आकडा कडीतून निसटतो. स्प्रिंग आधीच दबलेली असेल, तर ती सतत वर ढकलत राहते आणि पट्टा ताठ राहतो. परंतु शॉकअप पूर्ण तळाला लागेपर्यंत मात्र आवळू नये. त्यामुळे आतील ऑइल सील खराब होतात आणि धक्का शोषण्यास काही उरत नाही.

दुसरे दोन पट्टे मागे लावावेत. सीटखालची चौकट किंवा मागच्या पायदानाचा भक्कम दांडा येथून ते मागे व बाहेरच्या दिशेने न्यावेत. यांचे काम गाडीचा मागचा भाग उडी मारून बाजूला सरकू नये एवढेच असते. त्यामुळे ते घट्ट असावेत, पण पुढच्यांइतके जोराने ओढण्याची गरज नसते.

काय बांधू नये, हेही सांगितले पाहिजे. हँडलच्या मुठी, आरशाचे दांडे, इंडिकेटर, मडगार्ड, सायलेन्सर, ब्रेकची नळी आणि प्लॅस्टिकचे कोणतेही आवरण यांना पट्टा अडकवू नये. स्कूटरचे बहुतेक अंग प्लॅस्टिक वा पातळ पत्र्याने झाकलेले असते. तिच्या बाबतीत पुढे हँडलचा धातूचा मुख्य दांडा आणि मागे पकडदांड्याचे मूळ शोधावे. पट्टा जेथे रंगाला घासतो तेथे गोणपाटाची घडी द्यावी.

शेवटी कसोटी घ्यावी. गाडीचे हँडल दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावे. गाडी स्वतंत्रपणे हलली तर बांधणी अपुरी. गाडीबरोबर टेम्पोही डुलू लागला तर बांधणी पक्की. पट्ट्यांची लोंबती टोके बांधून टाकावीत. ही कसोटी झाल्यावरच उरलेले सामान भरावे. गाडीला कपाटाचा आणि कपाटाला गाडीचा आधार, असा हिशेब करू नये. दोन्ही स्वतंत्रपणे बांधावेत आणि मधे गाद्या द्याव्यात.

वाटेत

पट्टे व दोऱ्या पहिल्या काही किलोमीटरमध्येच थोड्या बसतात, म्हणजे सैल होतात. म्हणून पंधरा-वीस किलोमीटरनंतर एकदा टेम्पो थांबवून, दार उघडून, चारही पट्टे हाताने पाहावेत. चिपळूणहून कऱ्हाडला जात असाल तर घाट चढण्यापूर्वी आणि घाट संपल्यावर पुन्हा पाहावेत. दार उघडताच पेट्रोलचा वास आला तर आत न जाता दोन्ही दारे उघडी ठेवून हवा खेळू द्यावी. जवळपास विडी, काडी किंवा ठिणगी काही येऊ देऊ नये. चालकाला हे थांबे भाडे ठरवतानाच सांगितले, तर वाटेत वाद होत नाहीत.

कायदा आणि कागद

सामान हौद्याच्या बाहेर येऊ देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद झाली आहे. फाळका उघडा ठेवून मागचे चाक बाहेर लोंबत नेणे महागात पडते, ते असे.

विम्याविषयी पुष्कळांना माहिती नसते. आपल्याकडील सर्वसमावेशक वाहन विम्यात, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागात, रस्ता, रेल्वे, जलमार्ग इत्यादींनी वाहन नेले जात असताना होणाऱ्या नुकसानीचाही समावेश असतो. केवळ त्रयस्थ व्यक्तीविषयीचा विमा असेल तर हे संरक्षण मिळत नाही. तेव्हा बदलीचा आदेश हाती येताच विमापत्र काढून त्यातील अटी आणि मुदत वाचावी. निघण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे येथेच उपयोगी पडतात.

नव्या गावी पोहोचल्यावर तीस दिवसांच्या आत नोंदणीपत्रावरील पत्ता बदलण्यासाठी तेथील परिवहन कार्यालयास कळवावे लागते. राज्यातल्या राज्यात बदली असेल तर क्रमांक बदलत नाही. कर्नाटक, गोवा वा अन्य राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवावयाची असेल, तर मात्र मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. वारंवार राज्याबाहेर बदली होणाऱ्या शासकीय सेवकांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेली भारत मालिकेची नोंदणी या दृष्टीने सोयीची आहे.

एक सूचना

शेवटी येथे उपस्थित असलेल्या ग्रामपंचायत सदस्यांना व मुख्याध्यापकांना एक सूचना करावीशी वाटते. चार चांगले पट्टे, एक जाड लांब फळी आणि पाचरी ठोकलेली एक पाटी एवढे साहित्य प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. ते ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीच्या भांडारात ठेवले आणि वहीत नोंद करून बदलीवर जाणाऱ्यांना दिले, तर वर्षानुवर्षे ते अनेकांच्या उपयोगी पडेल. दुचाकीच कशाला, फवारणीचा पंप, पिठाच्या चक्कीची मोटर, शाळेचे कपाट नेतानाही तेच पट्टे कामास येतील. शिक्षक बंधुभगिनींनी जडत्वाचा धडा शिकवताना एकदा शाळेच्या आवारात उभा टेम्पो दाखवून हे समजावले, तर मुले तो धडा विसरणार नाहीत. आणि उद्या कोणी त्यांना "आत बसून गाडी धर" म्हणाले, तर का बसावयाचे नाही, हे तीच मोठ्यांना सांगतील.

येत्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्यापैकी ज्यांच्या बदल्या होतील, त्यांचे बिऱ्हाड सुखरूप पोहोचो आणि घरातील मुले टेम्पोच्या हौद्यात नव्हे, तर आपल्या शेजारच्या आसनावर बसून नव्या गावी येवोत, एवढी इच्छा व्यक्त करतो.